लोखंडाच्या वाटेने चाला: आजोबा-नातवंडांना घेऊन होपवेल फर्नेसला

माझे बाबा कोल्हापुरात एका फाउंड्रीत 31 वर्षं मोल्डर, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे घालणारे, होते. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. बाबा दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात आमच्याकडे येतात आणि दर वेळी घरात तोच प्रश्न उभा राहतो, यांना न्यायचं कुठे? नायगारा झाला, स्वातंत्र्यदेवी झाली, रॉबिन्सव्हिलचं मंदिर झालं. बाबा कुठेही नाही म्हणत नाहीत. सांगू तिथे फोटोला उभे राहतात आणि गाडीत बसले की झोपतात. होपवेल फर्नेसला मात्र ते तीन तास एकदाही टेकले नाहीत, आणि येताना गाडीत एडिसन येईपर्यंत बोलत होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आईवडील इकडे आलेत, मुलं लहान आहेत आणि सगळ्यांना मिळून काहीतरी दाखवायचं आहे, अशा घरांसाठी.

होपवेल फर्नेस हे पेनसिल्व्हेनियात एल्व्हर्सन गावाजवळ जंगलात असलेलं जुनं लोखंडाचं गाव. 1771 साली मार्क बर्ड नावाच्या माणसाने इथे दगडी भट्टी उभारली आणि ती 1883 पर्यंत चालली. भट्टीच्या भोवती मालकाचं मोठं घर, कामगारांची घरं, दुकान, लोहारशाळा, तबेला असं सगळं गाव वसलं. आज ही 848 एकर जागा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे आणि प्रवेश फुकट आहे. तिला लागून फ्रेंच क्रीक स्टेट पार्कचं जंगल आहे.

इथे जे लोखंड बनायचं ते म्हणजे आपलं बीड. तेच, ज्याचा तवा आणि कढई आजीच्या स्वयंपाकघरात असायची. मुलांना निघण्याआधी एवढं जरूर सांगा. आमच्याकडे मी बिडाचा तवा ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "हे कसं बनतं ते उद्या बघायला जायचंय." "तिथे जुनी भट्टी आहे" म्हटलं असतं तर धाकट्याने टॅबलेटमधून मान वर केली नसती. तव्याने ती वर झाली.

कधी जायचं

दोन मोसम आहेत आणि दोघांची मजा वेगळी. उन्हाळ्यात जुन्या पोशाखातली माणसं काम करून दाखवतात. वाळूत साचा कसा घालायचा, धातू कसा ओतायचा, हे डोळ्यांसमोर होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या जुन्या बागेत सफरचंदं लागतात. ती स्वतः तोडायची आणि वजनावर पैसे द्यायचे. झाडं जुन्या जातींची आहेत. काही फळं दिसायला खडबडीत असतात, पण ज्यांना दुकानातलं मेणासारखं चकचकीत सफरचंद आवडत नाही त्यांना ही आवडतील.

माझं मत विचाराल तर, बरोबर वडीलधारं कुणी कारखान्यात काम केलेलं असेल तर ओतकामाचा दिवस गाठा. मुलं पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर सफरचंदाचा मोसम. दोन्ही एका दिवशी साधायचा हट्ट करू नका. कुठल्या दिवशी काय आहे आणि गाव कोणत्या वारी उघडं आहे ते उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आठवड्याचे सगळे दिवस सगळं उघडं नसतं. एवढ्या लांब जाऊन बंद दारं बघायची वेळ येऊ नये.

जायचं कसं, न्यायचं काय

आम्हाला एडिसनहून दोन तास लागतात. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकच्या मॉर्गनटाऊन एक्झिटला उतरून 23 नंबरच्या रस्त्याने पूर्वेला जायचं आणि मग 345 ने उत्तरेला. शेवटची काही मैलं शेतं आणि जंगल. तिथे आमच्या फोनची रेंज गेली होती, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा.

खायचं घरून न्या. गावात हॉटेल नाही. मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर भडंग नेलं होतं. पाणी माणशी दोन बाटल्या. बूट बंद असलेले घाला आणि मोजे लांब, कारण पेनसिल्व्हेनियाच्या गवतात गोचीड असते आणि तिच्यापासून लाइम रोग होतो. हे घाबरवायला सांगत नाही, पण घरी आल्यावर मुलांच्या कानांमागे, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे बघायचंच. आजोबांनाही सांगायचं. ते "काही नाही होत" म्हणतात, तरी बघायचं.

आणि एक, गुडघ्यांचं. व्हिजिटर सेंटर टेकडीवर आहे आणि गाव खाली. जाताना उतार असतो म्हणून कळत नाही, येताना चढ लागतो. बाबांचे गुडघे दुखतात. आम्ही येताना तीन ठिकाणी थांबलो आणि घाई केली नाही. ज्यांना अजिबात चढवत नाही त्यांनी आधी आत रेंजरला विचारावं. ती माणसं मदतीला तत्पर असतात.

व्हिजिटर सेंटरमध्ये मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची वही मिळते. ती घ्या. गावात फिरत उत्तरं लिहायची आणि शेवटी बिल्ला मिळवायचा. पण वही आजोबांच्या हातात द्या, मुलांच्या नाही. आमच्या थोरलीने प्रश्न वाचायचे, मराठीत सांगायचे, आजोबांनी उत्तर सांगायचं आणि तिने ते इंग्रजीत लिहायचं. हे आपोआप जमून आलं. पण पुन्हा गेलो तर मी मुद्दाम असंच करीन.

कुठून सुरुवात करायची

आता खरी गोष्ट. आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा बाबा बरोबर नव्हते, सरळ मालकाच्या मोठ्या घराकडे गेलो, कारण ते सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं. मग दुकान, मग तबेला, मग घोडे. भट्टीपाशी पोचलो तोवर मुलं दमलेली, आणि भट्टी म्हणजे त्यांना एक दगडी बुरूज वाटला. चाळीस मिनिटांत आम्ही परत गाडीत होतो.

दुसऱ्या वेळी बाबा होते. त्यांनी नकाशा हातात घेतला आणि विचारलं, "माल कुठून येत होता?" मी म्हटलं, जंगलातून. ते म्हणाले, "मग तिकडून चला. माल ज्या वाटेने आला त्या वाटेने."

हीच युक्ती. घरं बघत फिरू नका, लोखंडाच्या वाटेने चाला. लाकूड, कोळसा, भट्टीचं तोंड, पाण्याचं चाक, मग ओतशाळा. असं चाललं की प्रत्येक गोष्टीला आधीची गोष्ट कारण होते आणि मुलांना पुढे काय होणार हे कळायला लागतं.

वरून खाली उतरताना वाटेत लोणारी लोकांच्या, म्हणजे लाकडाचा कोळसा पाडणाऱ्यांच्या, कामाची जागा लागते. इथे थांबा. लाकडाचे ओंडके मधल्या धुराड्याभोवती उभे रचून मोठा ढीग करायचा, त्यावर पाला आणि माती लिंपायची आणि आतून पेटवायचा. आग भडकू द्यायची नाही, नुसतं धुमसू द्यायचं. दहा-चौदा दिवस लोणारी शेजारच्या झोपडीत राहून रात्रंदिवस राखण करायचा, कारण मातीला कुठे भोक पडलं आणि वारा आत गेला की कोळशाची राख झाली. ढिगावर चढून, पाय देऊन, कुठे पोकळ झालंय ते तो बघायचा. धाकटा लगेच विचारता झाला, आत पडला तर? पडत असत, असं मी त्याला खरं ते सांगितलं. तो पुढे बराच वेळ माझा हात धरून होता.

भट्टी पेटलेली असताना रोज साधारण एकरभर जंगल या कोळशात जायचं. मुलांना एकर कळत नाही. आम्ही वाटेत दिसलेल्या एका शेताकडे बोट दाखवून म्हटलं, एवढी झाडं, रोज. तेव्हा थोरली म्हणाली, "मग आत्ता इथे झाडं कशी आहेत?" प्रश्न बरोबर आहे. भट्टी बंद पडली आणि जंगल परत वाढलं, हेच त्याचं उत्तर. तुम्ही ज्या सावलीतून चालता ती सगळी नंतरची आहे.

पुढे एक शेड आहे. जंगलातून आणलेला कोळसा आधी तिथे थंड करायचे, मग कोठारात ठेवायचे. आत ठिणगी राहिली तर कोठार जायचं. बाबा या शेडपाशी उगाचच बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अपघात झाल्याशिवाय कुणी अशी शेड बांधत नाही."

भट्टीच्या वर आणि खाली

भट्टी टेकडीच्या कुशीत बांधली आहे ती का, हे मुलांना ओळखायला सांगा. भट्टीचं तोंड वर असतं. माल वरून टाकायचा. टेकडीवरून सपाट चालत थेट भट्टीच्या तोंडाशी जाता यावं म्हणून ती उताराला. खनिज, चुनखडी आणि कोळसा भरणारा माणूस दिवसरात्र टेकडी आणि भट्टीचं तोंड जोडणाऱ्या पुलावरून फेऱ्या घालायचा, आणि समोर भट्टीच्या तोंडातून ज्वाळा. तिथून खाली बघताना मुलांना धरून ठेवा.

भट्टीत काय होतं ते बाबांनी सांगितलं तसं सांगते, कारण याहून सोपं मला जमणार नाही. खनिज म्हणजे गंजलेलं लोखंड समजा. कोळसा त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि जळून आंचही देतो. चुनखडी दगडमातीचा अंश धरते आणि त्याची मळी होते. मळी हलकी, ती वर तरंगते. लोखंड जड, ते तळाशी बसतं. आणि जाता जाता कोळशातला कार्बन, शंभरात तीन-चार भाग, लोखंडात मिसळतो. शुद्ध लोखंड वितळायला 1,500 अंशांच्या वर जावं लागतं, हा कार्बन मिसळला की 1,200 च्या आसपास काम होतं. म्हणून ते ओतता येतं. आणि म्हणूनच बिडाचा तवा हातातून पडला तर फुटतो. थोरलीने घरी येऊन हे आईला, म्हणजे माझ्या आईला, फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

वाटेत जमिनीत कुठे कुठे निळसर-हिरवे काचेसारखे तुकडे दिसतात. ती मळीच, थंड होऊन काच झालेली. उन्हात धरली तर आत बुडबुडे दिसतात. मुलं खिशात घालणार हे नक्की. घालू देऊ नका. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून नेणं गुन्हा आहे. हातात घेऊन बघा, फोटो काढा आणि होता तिथेच ठेवा. धाकट्याला हे पटायला वेळ लागला. बाबांनी त्याला सांगितलं की आपण नेला तर पुढच्या मुलाला सापडणार नाही, तेव्हा त्याने तो वाटेच्या कडेला नीट दिसेल असा ठेवला.

पाण्याचं चाक सगळ्यांना आवडतं, त्याबद्दल फार सांगत नाही. माणसाच्या तीन-चार पट उंच लाकडी चाक, आणि ते फिरलं की मोठ्या लाकडी पिंपांमधून भट्टीत हवा फुंकली जाते. पण एक विचारा मुलांना: हिवाळ्यात ओढा गोठला तर? चाक थांबलं, हवा थांबली, भट्टी गार झाली, आणि आतलं लोखंड आतच दगडासारखं बसलं. मग भट्टी फोडूनच काढायचं. भट्टी एकदा पेटली की महिनोन्महिने विझू द्यायची नाही, ती याचसाठी. बाबांच्या कामावर वीज गेली की काय धावपळ व्हायची ते त्यांनी इथे उभं राहून सांगितलं. मला ते पहिल्यांदाच कळत होतं. लहानपणी ते रात्री उशिरा घरी यायचे, एवढंच मला आठवतं.

ओतशाळा

इथे जास्तीत जास्त वेळ द्या. तासभर तरी. ही इमारत पुन्हा उभारलेली आहे, पण जागा तीच, भट्टीच्या पायाशी. वितळलेलं लोखंड बाहेर सोडलं की ते वाळूतल्या चरांतून वाहत जायचं. एक मोठा चर आणि त्याला दोन्हीकडून लागलेले लहान चर, जशी डुकरीण आडवी आणि तिला लुचणारी पिलं. म्हणून त्याला पिग आयर्न म्हणतात. बाबांनी 31 वर्षं पिग आयर्नच्या गाड्या उतरताना पाहिल्या, चलनांवर हा शब्द वाचला, पण तो कुठून आला हे त्यांना इथे समजलं. त्यांनी ते मला दोनदा सांगितलं.

पण होपवेलचं खरं नाव झालं ते शेगड्यांमुळे. घर गरम ठेवायच्या बिडाच्या शेगड्या, त्यांच्या नक्षीदार बाजू इथे वाळूत ओतल्या जायच्या. त्याआधी, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, मार्क बर्डने अमेरिकन सैन्याला तोफा आणि गोळे पुरवले. त्याचं पुढे दिवाळं निघालं. गावाची भरभराट झाली ती क्लेमेंट ब्रुकच्या हाताखाली, 1816 नंतरच्या दोन दशकांत. आणि हेही मुलांपासून लपवू नका: बर्डच्या काळात इथे गुलाम माणसंही राबत होती. थोरलीला शाळेत हा विषय आहे. तिनेच विचारलं.

आम्ही गेलो त्या दिवशी साच्याचं प्रात्यक्षिक होतं. ओतायला लोखंड नाही, ॲल्युमिनियम घेतात, पण वाळूचं काम सगळं तेच. दाखवणाऱ्या माणसाने पेटीत फरमा, म्हणजे ज्याचा ठसा वाळूत उठवायचा तो नमुना, ठेवला, वर वाळू चाळली, ठोकून बसवली. बाबा पुढे सरकत सरकत दोरीपाशी गेले. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला, तळवा वर. त्या माणसाने एक क्षण पाहिलं आणि त्यांच्या हातावर मूठभर वाळू ठेवली.

बाबांनी मूठ घट्ट आवळली. उघडली. वाळूचा लाडू झाला होता, त्यावर बोटांचे ठसे स्पष्ट. मग त्यांनी तो दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी मधोमध मोडला आणि मोडलेली कड डोळ्यांजवळ नेली. कड धारदार होती, एक कणही सांडला नाही. त्यांनी त्या माणसाकडे बघून मान हलवली. त्याने हसून तीच कृती आपल्या मुठीत करून दाखवली. पाणी जास्त झालं तर वाळू हाताला चिकटते आणि ओतताना वाफ होऊन साचा फुटतो. कमी झालं तर कड भुरभुरते. एवढी परीक्षा करायला यंत्र लागत नाही. कोल्हापूरच्या शॉपवर रोज सकाळी पहिलं काम हेच, असं बाबांनी मग सांगितलं.

तुमच्याबरोबर असं कुणी असेल, मग ते मोल्डर असोत, फिटर, लोहार, विणकर, शेतकरी, त्यांना प्रात्यक्षिकाच्या वेळी पुढे उभं करा. तुम्ही दुभाषी व्हा आणि मध्ये बोलू नका.

बाकीचं गाव

आता मालकाचं घर, दुकान, कामगारांची घरं बघा. दुकानात एक गोष्ट मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. कामगार रोख पैशाने फारसं घेत नसत. पीठ, कापड, बूट जे नेलं ते वहीत लिहायचं आणि पगारातून वळतं करायचं. आपल्याकडे वाण्याची उधारीची वही असायची तशीच, फक्त वाणी आणि मालक एकच. हा फरक किती मोठा आहे ते थोरलीने थोडा विचार करून ओळखलं.

ओतशाळेनंतर लोहारशाळेत गेलात तर तिथे फरक सांगता येतो. बीड ओतायचं, ठोकायचं नाही. लोहार ठोकतो ते वेगळं लोखंड, कार्बन काढून टाकलेलं. तबेल्यापाशी धाकट्याला सोडून द्या, तिथे त्याचं त्याला कळतं.

दमला नसाल तर जवळच दुसऱ्या एका भट्टीचे उरलेले दगड बघा. 1853 मध्ये इथे लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशावर, अँथ्रासाइटवर, चालणारी भट्टी बांधून पाहिली. ती काही चालली नाही. तोवर दुसरीकडे रेल्वेच्या काठाला, दगडी कोळशाच्या आणि गरम हवेच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या होत्या आणि जंगलातल्या या गावाला त्यांच्याशी टक्कर देता येईना. 1883 ला शेवटची आग विझली. पुढे 1935 च्या सुमारास सरकारने ही जमीन लोकांना फिरायला मोकळं रान म्हणून घेतली, तेव्हा कुठे लक्षात आलं की इथे काय उभं आहे. 1938 मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली.

शेवटी चढ चढून परत व्हिजिटर सेंटरमध्ये या. तिथे होपवेलच्या जुन्या शेगड्या ठेवल्या आहेत. त्या जाताना नाही, येताना बघा. सकाळी त्या नुसत्या काळ्या पेट्या दिसतात. आम्ही परतलो तेव्हा मुलांनी धावत जाऊन त्यांच्यापुढे बैठक मारली. नक्षीत फुलं आहेत, वेली आहेत. बाबा वाकून एका शेगडीच्या बाजूच्या कडेला काहीतरी शोधत होते. मग त्यांनी बोटाने लांबूनच दाखवलं, कडेला एक लहानसा खडबडीत उंचवटा. "इथून ओतलंय," ते म्हणाले. धातू साच्यात शिरतो त्या तोंडाची ही खूण, नंतर तोडून घासलेली. थोरली शेजारच्या शेगडीपाशी गेली, काचेला नाक लावून कड बघत राहिली, आणि आजोबा पोचायच्या आत ओरडली, "आबा, हिला दोन आहेत!"